शून्य घड्या, एक पदर

बाई, काल दुपारी माझ्या बेकरीच्या मालकाने तुमचा अर्धा राहिलेला धडा पुरा केला. त्याला तुमच्याबद्दल काही माहीत नाही, आणि आपण कुणाला काही शिकवलं हेही त्याच्या गावी नाही. त्याचे हात कोपरापर्यंत पिठात होते, तोंडाने शीळ चालली होती. मी काहीतरी विचारलं आणि त्याने एका शब्दात उत्तर दिलं. त्यानंतर मी लोण्याच्या वडीकडे बघत अशी काही उभी राहिले की त्याने शीळ थांबवून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" बरंच वाटत होतं. फक्त ते त्याला कोणत्या भाषेत सांगायचं ते कळेना. म्हणून आज तुम्हाला सांगतेय.

"आधी मांड, मग सोडव," असं तुम्ही म्हणाल, तर मांडते. मी नेदरलँड्समध्ये आहे, रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावात, एका कालव्याकाठच्या बाकावर. समोर काचेची इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर दहा वाजता माझी गणिताची परीक्षा आहे. आत्ता सव्वाआठ झालेत. पाण्यात चांदवे पक्षी पोहतायत, अंगाने काळेभोर आणि कपाळावर पांढरा टिळा. त्यातला एक गवताची काडी तोंडात धरून गेला दहा मिनिटं एकाच जागी गोल फिरतोय. बघा, झालं माझं सुरू. कागद आहेत बेकरीतले, जुन्या ऑर्डरींचे, पाठकोरे. तुम्ही जाऊन चौदा वर्षं होऊन गेली आणि हे पत्र टाकायला मला कुठलाही पत्ता माहीत नाही, तरी अक्षर नीट काढतेय.

इथे कशी आले म्हणाल तर लग्न करून आले. नवरा झुइडासला, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या उंच उंच ऑफिसांच्या भागात, आयटीत आहे. आम्ही शेजारच्या डीमनला राहतो. तिथे सकाळ झाली की सगळे ट्राम, मेट्रो, आगगाडी, सायकल अशा मिळेल त्या चाकावर बसून कामाला जातात. पहिले काही महिने मीही त्यांच्याबरोबर निघायचे, काम नसताना. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उतरायचं आणि चालत सुटायचं. तुम्ही मला भटकभवानी म्हणायचात. ते नाव इथे कुणाला ठाऊक नाही, पण धंदा तोच. अशीच एकदा रस्ता विचारायला एका बेकरीत शिरले आणि आत वास इतका चांगला होता की रस्ता विचारायचा राहिलाच. आता तिथे दुपारी कामाला जाते. दुसऱ्या दिवशीच्या क्रॉसाँचं पीठ करायचं. पिठाची लादी लाटायची, तिच्या पोटात लोण्याची सपाट वडी ठेवायची, पाकिटासारखं बंद करायचं, लांब लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, गार करायचं, परत लाटायचं, परत घडी. अशा एका घडीला इथे 'टूर' म्हणतात. पहिल्या दिवशी मालक म्हणाला, "आज तीन टूर करायच्या आहेत," तर मी जॅकेट घालून दारात उभी राहिले. ही गोष्ट तो अजून गिऱ्हाइकांना सांगतो.

त्यानेच एकदा लोणी दाखवून मला हिशेब समजावला. पहिल्या घडीला लोण्याचे तीन थर, दुसरीला नऊ, तिसरीला सत्तावीस. म्हणाला, "द्री टॉट दे माख्त द्री." तीनचा तिसरा घात. माख्त म्हणजे डचमध्ये ताकद, सत्ता. इंग्रजीतही पॉवरच. म्हणजे त्या डोक्यावर बसलेल्या चिमुकल्या आकड्यात या लोकांना ताकद दिसली, आणि आपल्याला काय दिसलं तर घात. मी लाटता लाटता एकटीच हसले, आणि लाटणं थांबलं, कारण मला तुमचा सातवीचा वर्ग दिसायला लागला.

तुम्ही फळ्यावर दोन काढताय आणि त्याच्या उजव्या खांद्यावर इवलासा पाच. खालचा पाया, वरचा घातांक. "घात म्हणजे काय, कोण सांगेल?" आणि माझा हात वर, कारण मला वाटतंय की हे तरी मला येतंय.

"वाटोळं, बाई."

वर्ग फुटला. तुम्ही हसला नाहीत. खडू ओठांशी धरून विचारलंत, "कुणाचं गं?"

"खालच्याचं. तो दोन बिचारा आपला गप बसलेला असतो. वर हा पाच येऊन बसला की त्याचे बत्तीस होतात. तो दोन राहतच नाही."

"राहत नाही, हे बरोबर," तुम्ही म्हणालात, आणि एवढ्या वेळानंतर जरासं हसलात. "पण वाटोळं होत नाही. जुने लोक गुणाकाराला हननच म्हणायचे. दोनाने दोनाला मारलं की चार. मरत कुणी नाही, वाढतात. शब्द तेवढा भीतीदायक आहे. तू संध्याकाळी घरी ये माझ्याकडे."

तुमचं घर म्हणजे साताऱ्याच्या त्या कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. शिकवणीसाठी वेगळा वेळ तुम्हाला नव्हता, म्हणून शिकवणी स्वयंपाकघरात. तुम्ही ओट्याशी, मी पालथ्या डब्यावर, वही मांडीवर. खिडकीतून पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायच्या, आणि तुमचं लक्ष तव्याकडे असलं तरी माझं लक्ष तिकडे गेलेलं तुम्हाला पाठीनेसुद्धा कळायचं. "पाती मोजून झाली असली तर इकडे ये." घातांक मला तिथे कळले, घडीच्या पोळीत. गोळा लाटला, तेल लावलं, अर्ध्यात दुमडला, दोन पदर. पुन्हा दुमडला, चार. "आणखी एक घडी घातली तर?" आठ, बाई. "पण आठ पदरांची पोळी फुगत नाही. पोळी थांबते. गणित थांबत नाही, ते पुढे जातच राहतं." मी म्हटलं, बाई, घडी घातली, यातसुद्धा घात आहे बघा. तुम्ही लाटणं उगारलंत. खोटं खोटं.

खरं रागावलात ते एकदाच. दोनाचा तिसरा घात लिहायचा तर मी घाईत तेवीस लिहून ठेवायचे, तीन इतका मोठा आणि इतका खाली. त्या दिवशी सलग चौथ्यांदा तेच झालं. तुम्ही पिठाचं बोट त्या तिनावर ठेवलंत, वहीवर ठसा उमटला. "तुझा घातांक तुझ्यासारखाच आहे. जागेवर राहत नाही. वर बसवलं की खाली उतरून भटकायला जातो. मग आठाचे तेवीस होतात आणि पुढचं सगळं चुकतं. एका जागी राहा गं, एकदा तरी!" आवाज चढला होता. मला रडू आलं आणि ते लपवायला मी खिडकीकडे बघितलं, तर त्यावरही बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक पेन्सिल दिलीत. हिरवी, कडक शिशाची, टोक न काढलेली. "टोक बारीक काढ. वरचा आकडा बारीक आला पाहिजे. स्कॉलरशिपचा पेपर हिने लिही."

त्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी तुम्हाला शेवटचा प्रश्न विचारला. पुस्तकात एक ओळ होती, कुठल्याही संख्येचा शून्य घात एक. मला ती पटत नव्हती. शून्य घात म्हणजे काहीच केलं नाही, मग उत्तर शून्य यायला हवं. हा एक आला कुठून? तुम्ही परातीकडे बघितलंत. शेवटची पोळी तव्यावर होती. "हे दाखवायला मला कोरा गोळा लागेल, आणि कणीक संपली. उद्या पेपर देऊन ये, मग पोळ्या करताना सांगते."

इथे मला उठून जरा चालावंसं वाटतंय. उठत नाही.

परीक्षेचं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत होतं. आई-बाबा कामावर, मी एकटी निघाले, पिशवीत पेन्सिल, पुठ्ठा आणि ओळखपत्र. आणि हायवेच्या फाट्यावर सगळी वाहनं थांबलेली. एक ट्रेलर येत होता, माणूस चालेल त्या वेगाने, आणि त्याच्यावर पवनचक्कीचं एकच पातं, आमच्या चाळीहून लांब, पांढरं, टोकाकडे निमुळतं. दोन्ही बाजूंनी माणसं बांबू घेऊन चालत होती आणि रस्त्यावरच्या विजेच्या तारा बांबूने उचलून धरत होती, पात्याला खालून जाता यावं म्हणून. एकजण ओरडायचा, "उचल, उचल, सोड!" मी तो पंखच समजले. म्हणजे पातं आहे हे मला माहीत होतं, आणि तरी तो पंख होता, कुठल्यातरी न मावणाऱ्या पक्ष्याचा, आणि त्याला डोंगरावर पोचवायला एवढी माणसं निघाली होती. दहा पावलं त्याच्याबरोबर जावं आणि मागे फिरावं असं ठरवलं. मग तारेचा पुढचा खांब आला, मग पुढचा. बांबूवाल्या एका मामांनी विचारलं, "शाळा नाही का गं पोरी?" मी म्हटलं, सुट्टी आहे. ते म्हणाले, "मग धर," आणि बांबूच्या खालच्या टोकाला माझा हात लावून घेतला. मी वळणाच्या रस्त्यापर्यंत गेले, बाई. पंख वळणाआड जाताना त्याचं टोक क्षणभर दरीवर तरंगलं. परत आले तेव्हा केंद्राच्या दारातून पोरं बाहेर पडत होती आणि एकमेकांना उत्तरं विचारत होती.

मी सरळ तुमच्याकडे आले. खरं सांगायलाच आले होते. तुम्ही दार उघडलंत आणि तोंडभर हसून म्हणालात, "कसा गेला?"

"छान."

"शून्य घाताचं आलं होतं?"

"आलं होतं."

"काय लिहिलंस?"

"एक," मी म्हटलं.

तुम्ही माझ्या गालाला पिठाचा हात लावलात. आत कुणाला तरी ओरडून सांगितलंत, "बघा, म्हटलं नव्हतं? एक लिहून आली!" मग मला म्हणालात, "आज माझं डोकं फार दुखतंय गं. उद्या ये. तो एक कुठून येतो ते उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडसरांनी सांगितलं की बाईंना पक्षाघात झाला आहे. बाकीच्यांना काय समजलं मला माहीत नाही. मला पक्षी ऐकू आला, आणि घात. जणू तुमच्यावर कुणीतरी पक्षी हा घातांक म्हणून बसवला होता. मी एका पंखाच्या मागे गेले, खोटं बोलले, आणि तो पंख वळसा घालून तुमच्या घरी आला. हे मला कुणी सांगितलं नाही, मला ते आपोआप समजलं, बेरीज समजते तसं. पक्ष म्हणजे बाजू, शरीराची एक बाजू, हे मला खूप पुढे शब्दकोशात कळलं. आणि तरी, खरं सांगू का, कळून काही उपयोग झाला नाही. त्याच कोशात शेजारच्या ओळीत पक्ष म्हणजे पंख, असंही दिलं होतं.

तुम्हाला बघायला आले तेव्हा महिना झाला असेल. तुम्ही खिडकीशी खुर्चीत होता, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. तुमच्या सुनेने, तुमच्या घरात तेव्हा त्याच सगळं बघत होत्या, मला पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बाई तुला ओळखतील. पण बोलता येत नाही हं त्यांना. एकच शब्द राहिलाय तोंडात. पाणी हवं तरी तोच, दुखलं तरी तोच." मी म्हटलं, बाई, मी आलेय. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, डोळे अगदी तेच, आणि म्हणालात, "एक."

मी म्हटलं, बाई, मला काहीतरी सांगायचंय.

"एक," तुम्ही म्हणालात. "एक, एक."

मी पळाले. चपलाही हातात घेऊन पळाले. माझं खोटं उत्तर तुमच्या तोंडात अडकून बसलं होतं, आणि बाकीचे सगळे शब्द त्याने बाहेर काढले होते. तुम्ही दिवाळीच्या आधी गेलात. मधल्या इतक्या दिवसांत मी तुमच्या जिन्यापर्यंत तीनदा आले होते. निकालात माझ्या नावापुढे गैरहजर असं लागलं असणार. त्या गडबडीत ते कुणी बघितलं नाही, आणि माझ्याजवळ ती पेन्सिल राहिली, टोक न काढलेली.

नंतरचं सांगण्यासारखं नाही. दहावी-बारावी झाली, कारण बाबा परीक्षेच्या गेटशी सुटेपर्यंत उभे राहायचे. गणित दहावीनंतर सोडलं. कॉलेज दोन वर्षं, मग प्रवासाचं काम शिकवणारा एक कोर्स, मग कपडे शिवायचा, मग काही महिने सतार. सगळीकडे परीक्षा जवळ आली की मला रस्त्यात काहीतरी दिसायचं. नवरा हे हसण्यावारी नेतो, पण परवा जेवताना त्याच्या तोंडून निघालंच, "अगं, तू आयुष्यात पुरी केलेली एक गोष्ट सांग मला. एक."

"तुझं डोकं खाणं. रोज पुरं करते."

"ते चालूच आहे. पुरं कुठे झालंय?"

दोघंही हसलो. पण तो 'एक' ऐकून माझा घास तोंडातच राहिला, हे त्याला दिसलं नाही.

ही परीक्षा त्यातूनच आली. पदार्थ कसे फुगतात, का नासतात, हे शिकवणारा इथे एक अभ्यासक्रम आहे, आणि मालकाच्या मते मी तो करावा, कारण मी काम कमी आणि प्रश्न जास्त करते. बारावीला गणित नसलेल्यांना आधी एक परीक्षा द्यावी लागते. तिच्या डच नावाचा अर्थ चक्क कमतरतेची परीक्षा असा होतो. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "चला, या विषयाची तयारी तरी तुझी पक्की आहे."

हे गाव मला माहीत झालं तेही अशाच एका भानगडीतून. गेल्या हिवाळ्यात इथल्या हॉलमध्ये आपल्या लोकांनी बासरीचा कार्यक्रम ठेवला होता. इंग्रजीत पत्रक आलं, त्यात वादकाला बासरीचे 'लीडिंग एक्स्पोनंट' म्हटलं होतं. आणि मी तेव्हाच घातांकांची उजळणी सुरू केलेली! "बासरीचे अग्रगण्य घातांक," मी मोठ्याने वाचलं आणि नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. "म्हणजे बासरीच्या उजव्या खांद्यावर बसणार का ते?" कार्यक्रमभर आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. पण घरी येताना गाडीत मी तो शब्द शोधला. मूळ लॅटिन आहे म्हणे, आणि त्याचा अर्थ बाहेर ठेवणं, मांडून दाखवणं. एखादी विद्या लोकांपुढे मांडतो तो माणूसही एक्स्पोनंट, आणि पाया किती वेळा घ्यायचा ते उघड करून ठेवतो तो आकडाही एक्स्पोनंट. मांडणं. बाहेर अंधारात सपाट शेतं, मधूनच काचघरांमधून भाजी पिकवतात तिथला नारिंगी उजेड, आणि मला ओट्याशी पाठमोऱ्या तुम्ही दिसत राहिलात. आधी मांड. एवढं एकच तुम्ही मला रोज सांगायचात आणि तेवढं एक सोडून मी सगळं केलं.

तर कालचं. मी लोण्याची वडी पिठात नुकतीच बंद केली होती, अजून एकही घडी घातली नव्हती. मालक पलीकडे ब्रेडला चिरा देत होता. तीन घड्या सत्तावीस, दोन नऊ, एक तीन, असं मी मनात उलटं मोजत खाली येत होते आणि पाय घसरावा तसं तोंडून गेलं, "आणि शून्य टूर केल्या तर? तर लोण्याचे थर किती?"

त्याने वरही बघितलं नाही. "एन," म्हणाला. एक. "हेवोन एन." नुसता एकच. मग बघितलं. "शून्य तुम्ही लोकांनी जगाला दिलं आणि मला काय विचारतेस? कापून बघ."

मी कापून बघितलं. आख्खी लादी वाया घालवली, तो ओरडलाही. पण मधोमध पिवळा धमक लोण्याचा एक थर होता, कुणी हात न लावलेला. घडी घातली नाही म्हणून तो शून्य होत नाही, बाई. तो असतोच. ज्याच्यावर घड्या घालायच्या तो पहिला गोळा असतोच. तुम्हाला कोरी कणीक एवढ्यासाठी हवी होती.

काल दुपारपासून मी हे मनात फिरवतेय. खिडकीशी खुर्चीत बसून 'एक, एक' म्हणालात, तेव्हा तुम्ही मला काय सांगत होता? तो धडा पुरा करत होता का? की, घात वगैरे काही झालेला नाही, शून्य घात आहे, तू एक आहेस ती आहेस, असं म्हणत होता? हे दुसरं मला फार आवडतं. ते मी रात्री नवऱ्यालासुद्धा सांगितलं असतं, इतकं आवडतं. पण मी तुमच्याशी एकदा खोटं बोललेय, दुसऱ्यांदा नको. तुमच्या सुनेने सांगितलं होतं की पाणी हवं असलं तरी तोच शब्द. कदाचित तुम्हाला पाणीच हवं होतं. तांब्या तिथेच, खिडकीत होता. मी तो दिला असता तर बरं झालं असतं.

पावणेदहा होत आलेत. लोक आत जायला लागलेत, माझ्यासारखेच वय उलटलेले, हातात पारदर्शक पिशव्या. एका बाईने विचारलं, तूही कमतरतेला आलीयेस का? मी मान हलवली. सकाळी येताना रॉटरडॅमला मेट्रो बदलली तेव्हा समोरच्या फलाटावर उलट दिशेची गाडी लागली होती. ती थेट समुद्रापर्यंत जाते. दारं बराच वेळ उघडी होती, आत एक माणूस गुडघ्यावर पतंग घेऊन बसला होता. रुळांच्या पुढे, घरांच्या वरून, तीन पाती सावकाश फिरताना दिसत होती. कुणीही तारा उचलून धरत नव्हतं. मी इकडच्या गाडीत बसले. पण ती गाडी दर थोड्या वेळाने असते, आणि दहा वाजायला अजून अवकाश आहे.

सातवीच्या त्या पेपरला मी गेले नव्हते, हे तर वर लिहिलंच. ते वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. राहिलं ते बारीक आहे. एक म्हणजे हे सगळं मी तुमच्या हिरव्या पेन्सिलीने लिहिलंय. टोक आज पहिल्यांदा काढलं, परीक्षेसाठी नाही, तुम्हाला लिहायला. आता ते बोथट झालंय, आणि परत काढावं लागेल. आणि दुसरं, घरी मी सांगितलंय की परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे. म्हणजे आज मी आत गेले नाही, तर ते या जगात कुणालाही कळणार नव्हतं.

तेवढ्यासाठी तुम्हाला कळवून ठेवलं.